ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभं राहून बघितलं

मी पोलीस हवालदार आहे, नोकरीला १७ वर्षं झाली, मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या ठाण्यात आहे. ठाण्याचं नाव लिहीत नाही. मागच्या जानेवारीत माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेचा बंदोबस्त करून आलो, तीन रात्री धड झोप नव्हती, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या ग्रुपवर मेसेज पडला की जनतेशी वागणूक या विषयावर ५ दिवसांचं ट्रेनिंग आहे, प्रत्येक ठाण्यातून दोघं पाठवा. आमच्याकडून माझं नाव आणि एका महिला अंमलदाराचं. खरं सांगतो, तेव्हा मनात एवढंच आलं की चला, पाच दिवस नाईट नाही. नोकरीत अशी ट्रेनिंगं बरीच झालीत, कोणीतरी येतं, नम्रपणे बोला म्हणतं, चहा होतो, सर्टिफिकेट मिळतं आणि आपण परत टेबलावर. हे तसं नव्हतं म्हणून लिहायलोय.

मुख्यालयाच्या हॉलमध्ये आम्ही ३२ जण होतो. शिकवायला एक रिटायर झालेले अधिकारी, एक वकील आणि कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम. मॅडमनी पहिल्या तासाला पोलिसांबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही शेवटचं साध्या माणसासारखं, वर्दी न घालता, ओळख न सांगता कुठल्या ऑफिसात गेलात, आणि काय झालं ते सांगा. सुरुवातीला कोणी बोलेना. मग माझ्या शेजारच्या ताईंनी आईला दवाखान्यात नेल्याचं सांगितलं, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनाच कोणी.

मी माझं सांगितलं. वडील वारल्यावर वारसाचा फेरफार करायचा होता, सुट्टी टाकून, कागदं पिशवीत घालून एका ऑफिसात गेलो. टेबलावरचा माणूस मोबाईल बघत होता. मी तीनदा साहेब, साहेब म्हणलं. त्यानं मान वर न करता हात पुढं केला, कागद घेतले, चाळले आणि म्हणला हे चालत नाही, उद्या या. काय चालत नाही ते सांगितलं नाही. मॅडम म्हणल्या, काम झालं का शेवटी? म्हणलं झालं, सव्वा महिन्यानं. मग अजून राग कशाचा आहे? मला लगेच उत्तर देता आलं नाही. थोडा वेळ थांबून म्हणलो, त्यानं माझ्याकडं बघितलं नाही मॅडम. काम होणार नाही असं तोंडाकडं बघून, कारण सांगून म्हणला असता तरी एवढं लागलं नसतं.

त्या म्हणल्या, हेच. टॉम टायलर म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांनी १९८४ मध्ये शिकागो शहरातल्या १५७५ लोकांच्या मुलाखती घेतल्या, पोलीस आणि कोर्टाचा अनुभव कसा आला म्हणून. त्यातून निघालं ते असं की निकाल आपल्या बाजूनं लागला का नाही यापेक्षा आपल्याला नीट वागवलं का, आपलं ऐकून घेतलं का, यावर माणसाचं पोलिसांबद्दलचं मत जास्त ठरतं, आणि पुढं तो कायदा पाळणार का नाही हे पण त्यावर बऱ्यापैकी अवलंबून असतं. म्हणजे माणसाला त्याचं म्हणणं मांडू द्यायचं, सगळ्यांना एकच माप लावायचं, मान द्यायचा, आणि आपण जे करायलोत ते त्याच्या भल्यासाठी किंवा कायद्यासाठी करायलोत हे त्याला दिसलं पाहिजे. ऐकायला सोपं आहे. मी पण मान हलवली. पण ते अंगाला लागलं दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये ठाण्यासारखं टेबल मांडलं, मागं खुर्ची, समोर मोकळी जागा. परभणीकडच्या एका हवालदारांना ठाणे अंमलदार केलं, म्हणजे टेबलावर बसून आलेल्याची तक्रार घेणारा, आणि मला फिर्यादी. मला चिठ्ठी दिली, त्यात लिहिलं होतं की तुम्ही साठीचे शेतकरी आहात, माळेगावच्या बाजारातून आणलेली बैलजोडी रात्री गोठ्यातून गेली, शेजारच्या भावकीवर संशय आहे पण नाव घ्यायची भीती वाटते. मला सांगितलं, रोज ठाण्यात जसं होतं तसंच करायचं, नाटक करू नका. मॅडम कोपऱ्यात मोबाईलवर घड्याळ लावून बसल्या.

मी सुरू केलं, सायब, राती म्या बैल बांधले आन्… तेवढ्यात समोरून आलं, गाव कोणतं? गाव सांगितलं. हद्द आपली आहे का ती? मी म्हणलं, असल सायब. पावती आहे का बैलाची? घरी आहे. मग पावती घेऊन या आधी. आणि रात्री कोण झोपलं होतं गोठ्यात? पिऊन बिऊन नव्हता ना कोणी? मी उभाच होतो. खुर्ची नव्हतीच तिथं. आणि मी १७ वर्षं वर्दीत काढलेला माणूस, समोरचा माझाच मित्र, सगळं खोटं आहे हे माहीत असताना, माझे हात आपोआप पोटापाशी एकात एक गुंतले, आवाज खाली गेला आणि मी पहिल्यापासून जे सांगायचं ठरवलं होतं त्याचा क्रमच विसरलो. भावकीच्या संशयाचं तर मी बोललोच नाही. बोलायला जागाच नव्हती.

मॅडमनी मोबाईल दाखवला. पहिला प्रश्न ११ व्या सेकंदाला. सगळं मिळून दीड मिनिटात मी बाहेर. मग म्हणल्या, आता ठाणे अंमलदारांनी सांगा, चोरी कोणी केली असेल? ते म्हणले, मला काय माहिती. म्हणल्या, यांना माहिती होतं, चिठ्ठीत लिहिलंय. हॉल एकदम गप झाला. मी ते परभणीचे हवालदार लई वर्षं ओळखतो, माणूस मनाचा चांगला आहे, गावाकडून कोणी आलं तर स्वतःच्या खिशातून जेवू घालणारा. त्यांनी काही वेगळं केलं नव्हतं, मी पण तेच करतो, आम्ही सगळे तेच करतो. रोज तीस-चाळीस माणसं येतात, फोन वाजत असतो, वायरलेस चालू असतो, स्टेशन डायरी लिहायची असते, तर डोकं आपोआप प्रश्न टाकून माणूस छोटा करत जातं.

मग दुसऱ्यांदा तेच केलं, फक्त दोन गोष्टी बदलून. एक, समोर खुर्ची ठेवली. दुसरी, मॅडम म्हणल्या, पेन खाली ठेवा, समोरचा थांबेपर्यंत पेन उचलायचं नाही. बास. ह्या वेळी मी चार मिनिटं बोललो आणि तिसऱ्या मिनिटाला भावकीचं नाव माझ्या तोंडातून आपोआप निघालं. सगळ्यांनी बघितलं ते. मला पाच दिवसांतलं काय लक्षात राहिलं म्हणून कोणी विचारलं तर मी हे सांगतो, टेबलावर आडवं पडलेलं ते पेन.

वकील साहेबांनी कायद्याचं सांगितलं, त्यातलं बरंचसं माहीत होतं पण वेगळ्या बाजूनं ऐकलं. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा आम्ही कलमांचे नंबर पाठ केले, ते कशासाठी आहेत ते कमी बघितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, माहिती आली तर घ्यायची, ज्याला आपण झिरो एफआयआर म्हणतो, आणि लिहिलेलं फिर्यादीला वाचून दाखवायचं, प्रत फुकट द्यायची. १५ वर्षांखालचा मुलगा, ६० च्या वरचा माणूस, बाई, अपंग किंवा खूप आजारी माणूस असेल तर जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, त्यांच्या घरी जायचं, कलम १७९. तपास कुठपर्यंत आलाय ते ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं, कलम १९३. आणि दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर घ्यावाच लागतो हे तर सुप्रीम कोर्टानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलेलं आहे. वकील साहेब म्हणले, हद्द कुठली हा तुमचा पहिला प्रश्न असतो ना, कायद्यात तो पहिला प्रश्न नाहीच आहे. बैलजोडीच्या नाटकानंतर हे ऐकलं म्हणून ते घुसलं.

तिसरा दिवस माझ्यासाठी सगळ्यात जड गेला. त्यांनी पारधी समाजातल्या एका तरुणाला बोलवलं होतं, पदवी झालेला, आता मुलांच्या शाळेचं काम करतो. तो उभा राहिला आणि आधी त्यानं बॅगेतून एक प्लास्टिकची फाईल काढून टेबलावर ठेवली. आधार, जातीचा दाखला, कॉलेजचं बोनाफाईड, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, गाडीची कागदं, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. म्हणला, ही फाईल मी लग्नाला जाताना पण घेऊन जातो, बहिणीच्या लग्नात मांडवात माझ्या मांडीवर होती. कारण रस्त्यात कोण थांबवेल आणि आडनाव ऐकून काय विचारेल सांगता येत नाही. मग त्यानं त्यांच्या वस्तीचं सांगितलं, गावात कुठंही चोरी झाली की पहिली गाडी वस्तीवर, बायका पोरं पालातून बाहेर काढायची, भांडी उलटी करायची, आणि नंतर चोर दुसराच निघाला तरी सांगायला कोणी परत येत नाही.

इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून आख्ख्या जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारनं ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून काढला, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. हे आम्हाला भरतीच्या परीक्षेला होतं. तो म्हणला, कागदावरून निघाला सर. आणि मग त्यानं एकच प्रश्न विचारला, तुमच्यापैकी कोणी आमच्या कुठल्याही वस्तीवर गुन्हा नसताना आलंय का कधी? नुसतं, कसे आहात म्हणून? ३२ जणांत एकाचा पण हात वर झाला नाही. मी माझ्या बीटमधल्या, म्हणजे मला नेमून दिलेल्या भागातल्या वस्तीवर किती वेळा गेलो ते मोजत बसलो, आणि प्रत्येक वेळी गाडीत काठी होती हे आठवलं.

इथं एक आडवं सांगतो. माझे आजोबा पोलीस हा शब्द दोन अर्थानं वापरायचे. निजामाच्या राज्यातला शिपाई गावात आला की लोक दारं लावून घ्यायचे असं ते सांगायचे, आणि दुसरीकडं १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो ते भारत सरकारनं निजामावर केलेल्या पोलीस ॲक्शनमुळं. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही पोलीस ॲक्शनच म्हणतात. म्हणजे एकाच शब्दात धाक पण आणि सुटका पण. मी भरती झालो तेव्हा आजोबा म्हणले होते, सुटकावाला पोलीस हो. त्या दिवशी त्या पोराची फाईल बघताना मला ते आठवलं आणि लई वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी नाकाबंदीचा सराव होता. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड म्हणून राज्य आहे, तिथं दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या तपासणीत पोलिसांनी प्रयोग केला होता, ६० ठिकाणी तपासणी, त्यातल्या ३० ठिकाणी नेहमीसारखं आणि ३० ठिकाणी ठरवून दिलेलं बोलायचं, म्हणजे गाडी का थांबवली, तुम्हाला निवडून थांबवलेलं नाही, तुमचं काही म्हणणं आहे का, आणि शेवटी धन्यवाद. दुसऱ्या प्रकारात थांबवलेल्या लोकांचं पोलिसांबद्दलचं मत चांगलं निघालं. आम्ही ते मराठीत बसवलं. नमस्कार, मी हवालदार अमुक, ह्या रस्त्यावर मागच्या महिन्यात रात्रीचे अपघात झाले म्हणून सगळ्याच गाड्या बघायलोत, तुमचं लायसन दाखवा. एवढंच. आधी आम्ही काय म्हणायचो? ए, गाडी बाजूला घे. चावी काढून घ्यायची आधी. चावी काढून घेणं ही तर इतकी सवय झालीय की ती चूक आहे हे पण वाटत नाही.

त्याच दिवशी जोरात वाद झाला. एक जुने हवालदार उठले, म्हणले, हे सगळं फिर्यादीला ठीक आहे, पण चोराशी गोड बोलून चोरी उघड होत नसते, तुम्ही फिल्डवर या. बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. रिटायर साहेब शांतपणे म्हणले, तुम्ही मारून घेतलेली कबुली कोर्टात कशी वापरणार सांगा. पोलिसासमोरची कबुली पुरावा म्हणून चालतच नाही, जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. मग तुम्ही मारता ते कशासाठी? तुमच्या समाधानासाठी. गुन्हा उघड होतो तो खबऱ्यामुळं, शेजाऱ्यानं बघितलेल्या गाडीच्या नंबरमुळं, आणि तो नंबर शेजारी तुम्हाला कधी सांगल? तुमच्या ठाण्यात पूर्वी त्याला नीट वागवलं असेल तर. ते हवालदार बसले, पण पटलं असं तोंडावर दिसलं नाही. माझं स्वतःचं मत साहेबांच्या बाजूचं आहे, आणि ते ट्रेनिंगच्या आधीपासूनच थोडं थोडं होतं, फक्त बोलायची हिंमत नव्हती.

जेवणानंतर साहेबांनी आम्हाला आमच्या स्वतःच्या अडचणींबद्दल बोलू दिलं. लोकांना मान द्या म्हणता, आम्हाला कोण देतं? एका शिपायानं सांगितलं, मुलगी ॲडमिट होती, रजेचा अर्ज तीन दिवस टेबलावर पडून राहिला, नाही पण म्हणले नाहीत, हो पण म्हणले नाहीत. सांगताना त्याचा आवाज फाटला. साहेब म्हणले, हे खरं आहे आणि हे बदललं नाही तर बाकीचं टिकणार नाही, ज्याला आत कोणी कारण सांगत नाही तो बाहेर लोकांना कारण सांगत नाही. हे कोणीतरी वरच्या माणसानं तोंडानं म्हणणं आमच्यासाठी मोठी गोष्ट होती.

शेवटच्या दिवशी राजस्थानचं सांगितलं. २००५ ते २००८ च्या दरम्यान तिथल्या ११ जिल्ह्यांतल्या १६२ ठाण्यांमध्ये प्रयोग झाला होता, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञ आणि तिथल्याच एक पोलीस अधिकारी मिळून. काही ठाण्यांत ट्रेनिंग, काही ठिकाणी बदल्या थांबवल्या, काही ठिकाणी आठवड्याची सुट्टी, काही ठिकाणी गावातला माणूस ठाण्यात बसवला. आणि खोटे फिर्यादी पाठवून बघितलं की तक्रार घेतात का नाही. सुट्टीचं आणि गावातला माणूस बसवायचं फारसं चाललं नाही, बदल्या थांबवल्याचा आणि ट्रेनिंगचा फरक दिसला, आणि ट्रेनिंगचा दिसला तो ठाण्यातली जास्तीत जास्त माणसं शिकलेली असली तर. हे ऐकून मला जरा धस्स झालं, कारण आमच्या ठाण्यातून आम्ही दोघंच आलो होतो.

आणि तसंच झालं. परत आल्यावर पहिला आठवडा पोरं विचारायची, मग काय हवालदार, आता आम्हाला पण नमस्कार का? मी टेबलासमोर स्वखर्चानं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी एक मागच्या खोलीत गेलेली. खरी अडचण खुर्चीची नव्हती. ठाण्यात गुन्ह्यांचा आकडा वाढला की प्रभारी साहेबांना मिटिंगमध्ये विचारतात, म्हणून एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर भागतं का, अर्जावर भागतं का, हद्द दुसऱ्याची निघते का, हे बघायची सगळ्यांनाच सवय लागते. ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये आलीच नाही आणि यायला पाहिजे होती असं माझं स्पष्ट मत आहे. नीट ऐकून घ्यायचं आणि मग गुन्हा दाखल करायचा नाही, याला काय अर्थ आहे.

फेब्रुवारीत एक दिवस संध्याकाळी एक बाई आली, कडेवर लहान मूल, पायात चिखलाच्या चपला. उभीच होती. मी म्हणलं, ताई बसा. ती खाली बसायला लागली. म्हणलं, खाली नाही, खुर्चीवर. मग मी पेन खाली ठेवलं. तिनं सुरू केलं, सायब, मुकादमाची उचल होती… उचल म्हणजे ऊसतोडीआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे, आणि हा शब्द ऐकला की आधीचा मी लगेच म्हणलो असतो, हा पैशाचा व्यवहार आहे बाई, कोर्टात जा. खरंच म्हणलो असतो, अशा किती बायांना म्हणलो असेन. जीभ वळवळत होती. फोन पण वाजला, मी शेजारच्या पोराला उचलायला सांगितला.

ती बोलत राहिली. दिवाळीनंतर दुसऱ्या जिल्ह्यात कारखान्यावर ऊसतोडीला गेले, नवरा आजारी पडला, कोयता उचलंना, परत गावी जायचं म्हणले तर मुकादम म्हणला पैसे फिटल्याशिवाय नाही. मध्येच मुलाला दूध नाही वगैरे, सासूचं, रेशनचं, सगळं इकडं तिकडं. आणि पाच-सहा मिनिटांनी, अगदी सहज, खाली बघत म्हणली, मला सोडलं, म्हणले पैसे घेऊन ये मग नवरा घेऊन जा, तवर तेंला खोलीत ठेवलंय, रातीचं बाहेरून कडी असती. मी पेन उचललं.

मी लिहून काढलं आणि तिला वाचून दाखवायला लागलो. मी लिहिलं होतं, माझे पती तेथेच थांबले आहेत. ती मध्येच म्हणली, न्हाई सायब. थांबले न्हाईत. ठेवून घेतलंय. मी एक क्षण तसाच बसलो. थांबले आणि ठेवून घेतलं, ह्या दोन शब्दांत आख्खा गुन्हा होता, आणि माझ्या हातानं तो सवयीनं गुळगुळीत होऊन गेला होता. वाचून दाखवलं नसतं तर कोणाला कळलं पण नसतं. मी ते खोडलं नाही, नवीन कागद घेतला आणि तिचाच शब्द लिहिला.

साहेबांकडं गेलो. ते म्हणले, हद्द तिकडची आहे, त्यांना तिकडं पाठव. मी म्हणलं, साहेब, झिरोनं घेऊ, कलम १७३ आहे, न्याय संहितेचं १२७, माणसाला डांबून ठेवल्याचं, लागतंय, वेठबिगारीचा १९७६ चा कायदा पण बघावा लागेल, आणि ही बाई लेकरू घेऊन रात्रीची कुठं जाईल. ते थोडा वेळ गप बसले आणि म्हणले, घे. त्यांनी स्वतः तिकडच्या ठाण्याला फोन लावला. तिला एफआयआरची प्रत दिली, तिला वाचता येत नव्हतं, माझ्यासोबत ट्रेनिंगला आलेल्या ताईंनी पुढं काय काय होणार ते सांगितलं, कोण फोन करेल, कुठं यावं लागेल, कुठं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडची गाडी गेली आणि नवऱ्याला बाहेर काढलं. अंगात ताप होता, आधी दवाखान्यात नेलं. मुकादमाचा तपास तिकडच्या ठाण्याकडं वर्ग झाला, तो काही लगेच संपणारा नव्हता.

मी बदललो असं मात्र म्हणणार नाही. एप्रिलमध्ये जयंतीच्या बंदोबस्तानंतर सलग १५-१६ तास झाले होते, रात्री एक पोरगा मोबाईल हरवला म्हणून आला, तीन-चारदा तेच सांगायला लागला आणि मी ओरडलो, कळलं ना एकदा, निघ. तो गेला. सकाळी जाग आल्यावर आधी तेच आठवलं. नोंदीतून नंबर काढून फोन लावला, म्हणलं, काल चुकलं माझं, परत या, तक्रार घेतो. तो म्हणला, राहू द्या साहेब, आम्हाला सवय आहे. त्यानं रागानं म्हणलं असतं तर बरं झालं असतं. टोपीवर आमच्या सद्रक्षणाय खलनिग्रहणाय लिहिलेलं असतं, चांगल्याचं रक्षण आणि वाईटाचा बंदोबस्त, आणि एका चांगल्या पोराला आमची सवय झालेली. तो आला नाही, मीच त्याच्या गावाकडं बीटवर गेलो तेव्हा तक्रार लिहून घेतली. नंतर मी अर्ज दिला की आख्ख्या ठाण्याचं ट्रेनिंग करा, ड्युटी लावून, बॅच पाडून, ड्रायव्हर आणि वायरलेसवाल्यांसकट, आणि सलग १२ तासाच्या वर कोणाला टेबलावर बसवू नका. साहेबांनी सही करून वर पाठवलाय.

मे महिन्यात ९० दिवस भरत आले तेव्हा मी तिकडच्या तपास अधिकाऱ्यांना फोन केला, काय काय झालं ते विचारून घेतलं आणि मग त्या बाईला लावला. मागं टँकरचा आवाज, हंडे, बायकांची भांडणं. मी म्हणलं, ताई, ठाण्यातून हवालदार बोलतोय. ती घाबरली, काय झालं सायब, काहून फोन केला? म्हणलं, काही झालं नाही, तुमच्या केसचं सांगायचं होतं, मुकादमाचा जबाब झालाय, दोन साक्षीदारांचे झालेत, दवाखान्याचे कागद लागलेत, अजून एक पंचनामा राहिलाय. ती गप. मग बाजूला कोणाला तरी म्हणली, अगं, जमादार सायबानं सांगायला फोन केलाय. नवऱ्याचं विचारलं तर म्हणली, बरे हायेत, शेळ्या घेऊन गेलेत. मग म्हणली, सायब, हंडा भरायचाय, टँकर जाईल. म्हणलं भरा, चार्जशीट कोर्टात गेली की परत फोन करतो. वहीत तिचा नंबर लिहून पुढं तारीख टाकून ठेवली.